रविवारी डबा लवकर संपायचा

आमच्या घरात एक गोष्ट गेली पाच वर्षं सांगितली जाते. नात सात महिन्यांची असताना तिच्या अंगातलं रक्त कमी झालं, पोर पांढरी पडली, आणि सुनेनं नोकरी सोडून घर धरल्यावर ती सुधारली. माझी बायको ही गोष्ट हळदीकुंकवाला सांगते, बारशाला सांगते, गल्लीतल्या नव्या बाळंतिणीला तर मुद्दाम हाक मारून सांगते. शेवट ठरलेला असतो. पैसा काय, कवा बी मिळतोय. पोराला आई लागती. ऐकणाऱ्या बायका माना डोलावतात. सून तिथं असली तर काहीतरी काम काढून आत जाते.

रक्त कमी झालं हे खरं आहे. पोर सुधारली हेही खरं आहे. मधलं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे घरात फक्त मला माहीत होतं.

यंदा सुनेला दुसरं मूल झालं, मुलगा. तो चार महिन्यांचा असताना तिला एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर काम मिळायची संधी आली. माझा मुलगा नको म्हणाला. कारण म्हणून त्यानं तीच गोष्ट पुढं केली. त्यामुळं मला तोंड उघडावं लागलं. तोंडानं सांगितलं ते तुटक झालं, अर्धं राहून गेलं. म्हणून इथं सगळं सरळ लिहून ठेवतो.

मी सूतगिरणीत हजेरी कारकून होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाड्यांची नोंद ठेवली. निवृत्त झालो तेव्हा जी पेन्शन सुरू झाली ती माझ्या आणि बायकोच्या गोळ्यांना कशीबशी पुरायची. मुलगा फौंड्रीत होता. सून एका पतसंस्थेत काउंटरवर होती, हंगामी, पण काम चोख म्हणून तिला कायम करणार असं साहेबांनी सांगितलं होतं. दोघंही पगार झाला की घरखर्चाचे पैसे माझ्या हातात देत. घर मी चालवत होतो, आणि मी फार कमी पैशांत घर चालवतो असं माझं नाव होतं. त्या नावाची मला चटक लागली होती, हे आता कळतं.

नात झाली तेव्हा फौंड्रीतलं काम मंदावलेलं होतं. मुलाचा ओव्हरटाइम बंद झाला, मग आठवड्यातले दिवसही कमी झाले. लहान जिवाला काय लागतं, असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. काय लागत नाही ते विचारा. तरी मी पुरवून घेतलं. बायकोच्या पेटीत माझ्या आईची जुनी नऊवारी लुगडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. ती फाडून लंगोट केले, दुपटी शिवली. पाळणा शेजाऱ्यांचा आणला. त्यांची तीन पोरं त्यात झोपून गेलेली. अंघोळ घालणारी बाई सव्वा महिन्यानंतर बंद केली, बायको स्वतः पाय पसरून बसायला लागली. लसी महापालिकेच्या दवाखान्यात टोचल्या. डायपर फक्त बाहेर जाताना, आणि बाहेरून आल्या आल्या काढून पोरीला मोकळं करायचं, हा माझाच नियम. सून हसायची. म्हणायची, "मामा, ह्यो डायपर लग्नातल्या शेरवानीगत हाय आपल्यात. घालायचा, मिरवायचा, काढून ठेवायचा." यात कुणाला काही कमी पडलं नाही. इथवर मी जे केलं त्याची मला लाज नाही.

सुनेला अंगावर दूध कमी होतं. त्यावरूनही माझ्या बायकोनं विहीणबाईंना बोल लावला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, गारगोटीला झालेलं. विहीणबाई विधवा, दोन म्हशी राखून राहतात. त्यांनी बाळंतविडा आणला, त्यात झबली, टोपडी, चांदीचे वाळे होते, डिंकाचे लाडू होते. माझ्या बायकोनं लाडवाचा डबा उघडून बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "लाडवात डिंक कमी आन् गूळच लई दिसतोय. पोरीला असंच घातलं आसंल बाळंतपणात, मग दूध कुठनं येणार?" विहीणबाईंनी झाकण लावून डबा बाजूला सरकवला. मी ते बायकांच्यातलं बोलणं म्हणून सोडून दिलं.

तर पोरीला सकाळ-रात्र अंगावरचं आणि दिवसा डब्यातलं पावडरीचं दूध, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं. सून साडेतीन महिन्यांनी कामावर गेली. दिवसा पोर आम्हा दोघांकडं. बायकोला मोतीबिंदू, तिला बाटलीवरच्या खुणा दिसायच्या नाहीत. म्हणून अंघोळ, मालिश, झोपवणं तिच्याकडं आणि दूध करणं माझ्याकडं आलं. पाणी उकळायचं, कोमट करायचं, खुणेपर्यंत ओतायचं, चमचा सपाट करून पावडर घालायची. सुनेनं मला दोनदा करून दाखवलं आणि एक गोष्ट बजावली. "मामा, वरचं दूध वर्षभर अजाबात न्हाय. गाईचं न्हाय, म्हशीचं न्हाय. डॉक्टर लई कडक बोलल्यात." मी हो म्हणालो.

डबा आठवडाभरही पुरायचा नाही. पोर वाढत होती, भूक वाढत होती. किराणा वाण्याकडं महिन्यावर चालायचा, पण डबा औषधाच्या दुकानातून, तिथं उधारी नाही. एकदा सिलेंडर आणि डबा एकाच दिवशी संपले. माझ्या हातात एकाच्याच पुरते पैसे होते. मुलाकडं मागायचे तर त्याच्याकडं नव्हते, आणि सुनेकडं मागायचे तर माझं नाव गेलं असतं. मी सिलेंडर आणला.

आता कट्ट्याचं सांगायला हवं. आमच्या भागात सकाळ-संध्याकाळ म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकापुढं धार काढून देतात. पातेलं घेऊन जाणारे जातात, आणि तालमीतले लोक तिथंच उभ्यानं पेला तोंडाला लावतात. कोमट, फेसाळ. मी वडिलांच्या बोटाला धरून तिथं गेलोय, तालमीत असताना रोज प्यालोय. म्हशीच्या दुधानं कुणाचं वाईट होतं हे आमच्या डोक्यात शिरत नाही. माझ्या मुलाच्या वेळी बायको टायफॉइडनं आजारी होती, तेव्हा तो दोन महिन्यांचा असल्यापासून कट्ट्यावरच्या दुधात पाणी घालून वाढला. चांगला दणकट झाला. घरात चहासाठी तेच दूध रोज येत होतं. मीच आणत होतो.

त्या दिवशी मी ते उकळलं, त्यात निम्म्याहून जास्त पाणी घातलं, साय गाळून घेतली, आणि वास यावा म्हणून वरून अर्धा चमचा पावडर टाकली. पोर गटागटा प्याली. ढेकर दिली, झोपली. मी निवांत झालो.

एका दिवसापुरतं, असं म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी नवा डबा आला तरी मी तेच केलं. मग ती रीत पडली. दिवसाच्या बाटल्या म्हशीच्या, नावाला पावडर. तोच डबा आता पंधरा दिवसांच्या पुढं जायला लागला. मला अजून लिहायला जड जातं, पण मी हे पोरीच्या भल्यासाठी करतो असं मला कधीच वाटत नव्हतं. म्हशीच्या दुधाची थोरवी मी मनातल्या मनात घोकायचो, ती स्वतःला गप्प बसवायला. खरं कारण पैसा होता, आणि पैशाहून जास्त हे की मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "आबांच्या हातात डबा कसा पुरतोय बघा की." मला फार बरं वाटलं होतं.

याची शिक्षा सुनेला मिळायला लागली. रविवारी ती घरात असायची आणि दूध स्वतः करायची. खुणेप्रमाणे, चमचा सपाट करून. साहजिकच रविवारी डबा झपाट्यानं खाली जायचा. बायकोला खुणा दिसत नसल्या तरी डबा हातात घेतल्यावर वजन कळायचं. ती म्हणायची, "हिच्या हाताला काय भोक पडलंय काय? आठ दिस ह्यांच्या हातात पुरतंय ते ही एका दिसात उडीवती." सून म्हणायची, "आत्ती, डब्यावर लिवलंय तेवढंच घालते मी." बायको म्हणायची, "मग ते काय दुसरं लिवलेलं वाचत्यात व्हय?"

मी पेपर वाचत असायचो. पान उलटायचो.

सुनेनं मग रविवारी चमचा थोडा कमी घालायला सुरुवात केली. हे मी डोळ्यांनी बघितलं. आपलंच काही चुकत असेल असं तिला वाटायला लागलं होतं. तेव्हाही मी बोललो नाही.

पोर सहा महिन्यांची झाली तशी चिडचिडी झाली. शौचाला खडा व्हायचा, रडून लालेलाल व्हायची. मग लालही होईना. ओठ फिके, तळवे फिके. वजन काट्यावर हलेना. सातव्या महिन्यात सून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला डॉक्टरांकडं घेऊन गेली. मुलगा कामावर होता, म्हणून पिशवी घेऊन मी बरोबर गेलो. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद बघत होत्या आणि त्यांनी मान वर न करता विचारलं, वरचं दूध देता का? गाईचं, म्हशीचं? त्यानंच लहान बाळाचं रक्त कमी होतं. सून म्हणाली, नाही, फक्त डब्यातलं. बाईंनी मान वर केली. पुन्हा विचारलं. सून म्हणाली, एक थेंबसुद्धा नाही. मग बाईंनी ती नोकरी करते का, दिवसा बाळ कुणाकडं असतं हे विचारलं, आणि जरा थकलेल्या आवाजात म्हणाल्या की आईनं स्वतः लक्ष दिल्याशिवाय हे असंच होतं.

मी सुनेच्या खुर्चीला टेकून उभा होतो. माझ्या हातात पोरीची पिशवी होती, पिशवीत मीच भरून आणलेली बाटली होती.

रिक्षात सून बाहेर बघत होती. मी विचारलं, पाणी हवं का. ती नको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी म्हशीचं दूध बंद केलं. भीतीनं बंद केलं. लोहाचं औषध सुरू झालं, नाचणीचं सत्त्व सुरू झालं. आणि त्याच आठवड्यात घरात बैठक बसली. विहीणबाईंना बोलावून घेतलं होतं. माझी बायको त्यांना म्हणाली की तुम्ही बाळंतपणात नीट घातलं नाही आणि तुमची लेक आता पोराकडं बघत नाही. मुलगा कुणाकडंच बघत नव्हता. विहीणबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. शेवटी त्याच लेकीला म्हणाल्या, सोड बाई नोकरी. त्या दिवशी त्या चहा न घेता उठल्या आणि त्यानंतर आमच्या घरी आल्या नाहीत. सण आला की लेकीलाच गारगोटीला बोलवायच्या.

सुनेनं राजीनामा दिला. पतसंस्थेनं महिनाभर यायला सांगितलं होतं. त्या महिन्यात रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगू. ती डबा भरून, केस विंचरून, पोरीचा मुका घेऊन निघायची आणि मी म्हणायचो, संध्याकाळी. कट्ट्यावर जायचं मात्र मी थांबवलं. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. पुढं पोर गुबगुबीत झाली. आई घरात आली तवा बघा, असं जो तो म्हणायला लागला. काही दिवसांनी मीही त्यात मान डोलवायला लागलो.

ती कायम झाली असती त्या जागेवर तिच्या मागून आलेली मुलगी कायम झाली. ती आता शाखाधिकारी आहे. कधी बाजारात भेटली तर सुनेला ताई म्हणते.

आता अलीकडचं. दवाखान्यातल्या नोकरीची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही जेवत होतो. सून भाकरी थापत होती, बाळ झोळीत होतं. मुलगा म्हणाला, "एकदा बघितलं न्हवं? तवा पोरगी हातातनं जात हुती. परत त्योच खेळ कशाला?" माझी बायको म्हणाली की तिला आठवण करून द्यायची काय गरज, तिचं तिला कळतंय. सुनेनं भाकरी उलटली. ती काही म्हणाली असती तर कदाचित मी पुन्हा गप्प बसलो असतो. ती काहीच म्हणाली नाही.

मी म्हणालो, "तिचं काय चुकलं न्हवतं. दूध मी बदलत हुतो."

बायको म्हणाली, "कसलं दूध?"

मी सांगितलं. कट्टा, पाणी, अर्धा चमचा. किती महिने ते सांगितलं. का, तेही सांगितलं. मुलानं हातातला घास ताटात ठेवला. बायको आधी सुनेला म्हणाली की म्हशीच्या दुधानं कुठं काय होतं, तुझा नवरा त्याच्यावरच वाढला की. मग तिच्या लक्षात यायला लागलं. ती एकेक आठवत असावी, कारण ती मान हळूहळू खाली घालत गेली. तव्यावरची भाकरी करपली. सुनेनं गॅस बंद केला आणि ती माझ्याकडं वळली.

"डॉक्टर इचारत हुत्या तवा तुमी माज्या मागंच उभा हुता न्हवं?"

"हुतो."

तिनं पिठाचे हात तसेच धरले होते.  झोळीतलं बाळ चाळवलं, तशी हात धुऊन त्याच्याकडं गेली.

दोन दिवस घरात कुणी माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सून चहाचा कप घेऊन आली आणि समोर उभी राहिली. म्हणाली, "मामा, हितं सांगून भागत न्हाय. माज्या आईपुढं सांगा."

मुलाकडच्यानं मुलीकडं जाऊन चूक कबूल करायची, हे आमच्यात होत नाही. व्याही जातो तो मानपान घ्यायला. बायको म्हणाली, विहीणबाईंना इकडं बोलावून घेऊ. सून म्हणाली, ती इथं येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मग मी टोपी घातली.

एसटीत मी, सून आणि तिच्या मांडीवर बाळ. नातीला घरी ठेवलं होतं. वाटेत सुनेनं मला खिडकीची जागा दिली. मला वळणांवर मळमळतं हे तिला माहीत आहे. असल्या गोष्टी ती अजून करते. त्या कराव्या लागतात म्हणून करते की आपोआप होतात, ते मला कळत नाही आणि मी विचारतही नाही.

विहीणबाई गोठ्यात होत्या. मला बघून चपापल्या, काहीतरी वाईट झालं असं त्यांना वाटलं. पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. मी पाणी पिण्याआधी सांगून टाकलं. या वेळी नीट सांगितलं, कारण सून शेजारी बसली होती आणि कुठं काही गाळलं तर तिला कळलं असतं. पोरीचं रक्त कमी झालं ते माझ्यामुळं, तुमच्या लाडवामुळं नाही, तुमच्या लेकीमुळं नाही, असं सांगितलं. विहीणबाई ऐकत होत्या.  मग डब्याला किती पैसे लागायचे ते विचारलं. मी आकडा सांगितला.

त्या म्हणाल्या, "पावणं, एवढंच हुतं व्हय? डेअरीचं बिल दर धा दिसाला येतंय की मला. एक शबुद टाकायचा हुता."

मग त्या घोंगड्याच्या कडेला टेकल्या.

"मला वाटलं माजंच चुकलं. डिंक म्हाग हुता त्या साली, मी खरंच कमी घातलेला लाडवात. लेक रडत रडत राजीनामा द्याला गेली आन् मीच तिला सोड म्हणाले. पाच वर्सं झाली, रोज धार काढताना माज्या डोक्यात त्योच डिंक."

सून उठून आईजवळ जाऊन बसली.  विहीणबाईंनी लेकीला विचारलं, दवाखान्यातलं काम कवापासनं हाय. ती म्हणाली, एक तारखेपासून. त्या म्हणाल्या, "धर मग. आन् पोराला कोण बघणार ते तू ठरीव. आता हेनला इचारू नगंस."

आम्हाला जेवायला वाढलं. मला ताक वाढलं. मी जेवलो, कारण नाही म्हणायचा मला हक्क नव्हता.

सून एक तारखेला कामावर गेली. पगार पतसंस्थेत तेव्हा मिळायचा त्याहून फारसा जास्त नाही, आणि इथंही ती हंगामीच आहे, पहिल्यापासून सुरुवात. मधली पाच वर्षं कुठं गेली ती गेली. पाचपर्यंत गल्लीतली एक बाई असते, बाळाचं दूध तीच करते. सुनेनं तिला चमचा सपाट कसा करायचा ते करून दाखवलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो. त्या बाईचा पगार माझ्या पेन्शनीतून जातो. ते मी सुचवलं आणि सुनेनं लगेच हो म्हटलं, आढेवेढे न घेता. माझ्या गोळ्या आता सरकारी दवाखान्यातून आणतो. मुलगा घरखर्चाचे पैसे आईच्या हातात देतो. तिला नोटा ओळखायला त्रास होतो, तरी तिच्याच हातात देतो.

बायको ती गोष्ट आता सांगत नाही. खरी गोष्टही सांगत नाही. मागच्या महिन्यात एका बारशात कुणीतरी तिला म्हणालं, तुमच्या नातीचं सांगा की हिला, ही पण कामावर जायचं म्हणतीय. बायको म्हणाली, मला आता आठवत नाही.

सून सहाच्या सुमारास येते. चप्पल काढता काढता सासूला विचारते की बाळ किती वेळा प्यालं, शी कशी झाली, झोपलं का नीट. बायको सगळं सांगते. मी तिथंच खुर्चीवर असतो, मलाही सगळं माहीत असतं, दिवसभर मी बघितलेलं असतं. सून मला विचारत नाही. पाय धुऊन येते आणि बाळाला घेऊन आत जाते.